फर्मा म्हणजे काय, आणि पुस्तक छापायला देण्याआधी तो कसा मोजायचा

सांगली-साताऱ्याकडच्या कुठल्याही प्रेसमध्ये पुस्तकाचं काम घेऊन गेलात, की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "किती फर्मे होतील?" आपण म्हणतो, असतील एकशे साठ-सत्तर पानं. समोरचा माणूस मनातल्या मनात भागाकार करतो, "अकरा धरू," म्हणतो आणि कॅल्क्युलेटर पुढे ओढतो. कागद, प्लेटा, छपाई, घडी, बांधणी असा पुढचा सगळा हिशेब त्या अकरावर चालतो. आपण मान डोलावत राहतो, कारण फर्मा म्हणजे काय हे विचारायला संकोच वाटतो.

स्वतःचं आत्मकथन, गावाचा इतिहास, कवितासंग्रह, शाळेची किंवा पतसंस्थेची स्मरणिका असं काही स्वतःच्या खर्चाने छापणाऱ्यांसाठी हा लेख आहे. संस्थेच्या स्मरणिका आणि मित्रांची पुस्तकं छापून घेण्याच्या निमित्ताने प्रेस आणि बाइंडरकडे माझ्या बऱ्याच खेपा झाल्या. त्यावरून एकच गोष्ट आग्रहाने सांगेन: फर्मे आधी ठरवा, पानांची मांडणी मागाहून. बहुतेक लोक उलटं करतात. डीटीपीवाल्याकडून सगळं पुस्तक लावून घेतात, मग प्रेसकडे जातात, आणि तिथे कळतं की तीन पानं जास्त झाल्यामुळे खर्च पुढच्या टप्प्यात गेला.

१. फर्मा म्हणजे नेमकं काय

पुस्तक एकेक पान सुटं छापून होत नाही. एका मोठ्या कागदावर एका बाजूला आठ आणि मागच्या बाजूला आठ अशी सोळा पानं छापतात. त्या कागदाला तीन घड्या घातल्या की सोळा पानांची एक छोटी पुस्तिका तयार होते. ही पुस्तिका म्हणजे एक फर्मा. असे दहा-अकरा फर्मे एकावर एक ठेवून बांधले की पुस्तक.

खिळ्यांच्या, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांच्या छपाईत कंपोझिटर पानं जुळवायचा, मग ती पानं लोखंडी चौकटीत आवळून बसवायची आणि चौकट यंत्रावर चढवायची. त्या आवळलेल्या चौकटीला फर्मा म्हणत. खिळे गेले, चौकटी भंगारात गेल्या, पण शब्द टिकला आणि चौकटीवरून कागदावर आला. आता आठ पानं अॅल्युमिनियमच्या एका पातळ प्लेटवर उतरतात, म्हणून एकरंगी फर्म्याला दोन प्लेटा लागतात, पुढच्या बाजूची एक आणि मागची एक. चार रंगांत छापायचं तर आठ.

आपल्या भागाला छपाई नवी नाही. मिरजेत १८०५ मध्ये पटवर्धनांच्या आश्रयाने गीता छापली गेली, तीही तांब्याच्या पत्र्यावर अक्षरं कोरून. खिळे नाहीत, जुळवणी नाही. चूक झाली तर बसा पुन्हा कोरत. किर्लोस्करवाडीहून १९२० पासून मासिक निघू लागलं, पुढे त्याच्या जोडीला 'स्त्री' आणि 'मनोहर' आली. विश्वकोशाचं संपादन वाईत बसून झालं. अशा कामांत मुरलेल्या मंडळींना फर्म्याचं गणित तोंडपाठ असे. विशेषतः मासिकांत उशिरा येणारा मजकूर आणि जाहिराती सगळ्यात शेवटी छापायच्या फर्म्यात जातील, असा बेत आधीच करावा लागतो.

तुमच्या गावच्या वाचनालयात एखादं साठ-सत्तर वर्षांपूर्वीचं जाड पुस्तक मिळालं तर सतरावं, तेहेतिसावं, एकोणपन्नासावं पान काढून पाहा. बऱ्याच जुन्या पुस्तकांत त्या पानाच्या तळाशी बारीक आकडा किंवा अक्षर दिसेल. तो फर्म्याचा क्रमांक. बाइंडरने फर्मे क्रमाने लावावेत म्हणून टाकलेला.

२. घरी बसून एक फर्मा करून पाहा

एवढं करायला पाच मिनिटं पुरतात आणि प्रेसमधला निम्मा संवाद समजायला लागतो. एक मोठा कोरा कागद घ्या. ड्रॉइंगचा चालेल, नसेल तर साधा ए-फोर. लांबी निम्मी होईल असा मधोमध दुमडा. कागद पाव फेरा फिरवून पुन्हा मधोमध दुमडा. पुन्हा फिरवून तिसरी घडी. आता हातात वही आहे, फक्त काही कडा बंद आहेत. त्या फाडू नका. कडा जरा उचलून, आत पेन्सिल घालून पहिल्या पानापासून क्रमाने १ ते १६ आकडे टाका.

आता कागद पूर्ण उलगडा. एका बाजूला १, ४, ५, ८, ९, १२, १३, १६ दिसतील, दुसऱ्या बाजूला २, ३, ६, ७, १०, ११, १४, १५. निम्मे आकडे डोक्यावर उभे असतील. कण्याच्या घडीपाशी शेजारी आलेल्या दोन पानांची बेरीज प्रत्येक वेळी सतरा भरेल. नाही भरली तर आकडे टाकताना घोटाळा झालाय. प्रेसमध्ये पानांच्या या लावणीला इम्पोझिशन म्हणतात. हल्ली ती संगणकावर होते, पण नियम तोच.

हा कागद टाकून देऊ नका, पाकिटात ठेवा. त्यावरून तीन गोष्टी ठरवता येतात.

पहिली, दुसऱ्या रंगाची. कवितेची शीर्षकं किंवा रेघा लाल हव्यात पण सगळीकडे परवडत नाही, तर फर्म्याच्या एकाच बाजूला दुसरा रंग घेता येतो. मग लाल रंग फक्त १, ४, ५, ८ वगैरे पानांवर मिळेल. दोन आणि तीनवर मागितलात तर दुसऱ्या बाजूचा खर्चही आला.

दुसरी, नकाशाची. गावाच्या इतिहासात शिवाराचा नकाशा समोरासमोरच्या दोन पानांवर पसरायचा असेल, तर तो फर्म्याच्या पोटात टाका: ८-९, २४-२५, ४०-४१. तिथे दोन्ही पानं एकाच सलग कागदावर असतात, त्यामुळे ओढ्याची रेघ मधेच तुटत नाही. ६-७ वर टाकलात तर दोन पानं कागदाच्या वेगवेगळ्या भागांतून येतात, आणि घडी केसभर जरी हलली तरी ओढा एक पायरी खाली उतरलेला दिसतो.

तिसरी, फोटोंची. गुळगुळीत आर्ट पेपरवरचे रंगीत फोटो हा वेगळा कागद, म्हणजे वेगळा छोटा फर्मा. तो सोयीने बसतो दोन फर्म्यांच्या मध्ये: १६ आणि १७ च्या मध्ये, ३२ आणि ३३ च्या मध्ये. "बाबांचा फोटो बरोबर पान २१ समोरच पाहिजे" असा हट्ट धरलात, तर बाइंडरला प्रत्येक प्रतीत ते पान हाताने चिकटवावं लागतं. तो त्याचे पैसे लावतो, आणि चिकटवलेलं पान दोन वर्षांत सुटतं.

३. आकार ठरवा

मराठी पुस्तकांचा नेहमीचा आकार डेमी. डेमी कागद १८ × २३ इंच. त्याची आठ पानं केली की प्रत्येक पान ९ × ५¾ इंच येतं, आणि तिन्ही बाजूंनी कापून तयार पुस्तक साधारण ८½ × ५½ इंचांचं होतं. याला डेमी एक अष्टमांश म्हणतात. कवितासंग्रह किंवा लहान पुस्तिकेला क्राउन एक अष्टमांश घेतात. त्याचा मूळ कागद १५ × २० इंच आणि तयार पुस्तक सुमारे ७¼ × ४¾. बाजारात कागद याच्या दुप्पट आकारात मिळतो. डबल डेमी २३ × ३६, डबल क्राउन २० × ३०.

इथे एक सापळा आहे. संगणकावर डीटीपी करणारे कित्येकदा पानाचा आकार ए-फाइव्ह ठेवून मोकळे होतात, कारण तो यादीत आयता असतो. ए-फाइव्ह पान ५.८३ इंच रुंद असतं. डेमी कागदाचं पान न कापतासुद्धा पाव इंच कमी सहा, म्हणजे ५.७५ इंचच भरतं. थोडक्यात, ए-फाइव्ह डेमीत बसत नाही. मग एक तर वेगळ्या मापाचा महाग कागद घ्या, नाही तर सगळं पुस्तक नव्याने लावा, आणि नव्याने लावलं की पानांची संख्या बदलते. म्हणून डीटीपीला देतानाच सांगा: पान ५½ × ८½ इंच, आतल्या म्हणजे बांधणीच्या बाजूचा समास बाहेरच्यापेक्षा जास्त.

४. पानं मोजा, सगळी

मजकुराची पानं म्हणजे पुस्तकाची पानं नव्हेत. सुरुवातीला नावाचं पान, त्यामागे प्रकाशक-मुद्रकाची माहिती, अर्पणपत्रिका, प्रस्तावना, मनोगत, अनुक्रमणिका हे सगळं येतं. अर्पणपत्रिकेमागचं कोरं पानही मोजायचं. आणि प्रस्तावनेला ऐसपैस जागा धरा. आपल्याकडे प्रस्तावना लिहिणारे दोन पानं कबूल करतात आणि नऊ पाठवतात, तीही सगळ्यात शेवटी. कापा म्हणून सांगायची हिंमत कोणाला होत नाही.

एकूण आकड्याला १६ ने भागा. बाकी किती उरते त्यावर पुढचं ठरतं.

बाकी १२ ते १५ उरली तर पूर्ण फर्मा घ्या. मजकूर १६४ आणि सुरुवातीची ८, एकूण १७२ असतील तर अकरा फर्म्यांत म्हणजे १७६ पानांत चार पानं शिल्लक राहतात. लेखकाचा परिचय, संदर्भसूची किंवा सरळ कोरी पानं, काहीही चालेल.

बाकी ८ च्या आसपास असेल तर अर्धा फर्मा. यात आठही पानं एकाच प्लेटवर घेतात, कागद एका बाजूने छापून उलटतात आणि त्याच प्लेटने मागून छापतात. मग कागद मधोमध कापला की एकेका कागदातून आठ पानांचे दोन संच निघतात. प्लेट एकच, कागद निम्मा. १६७ पानांचं पुस्तक साडेदहा फर्म्यांत १६८ ला व्यवस्थित बसतं.

बाकी २-३ पानं उरली तर ती खाली ओढा. १६३ पानांसाठी अर्धा फर्मा वाढवण्यात अर्थ नाही. पानावर तीस ओळी असतील तर एकतीस करा, टंक अर्ध्या पॉइंटने कमी करा, प्रत्येक प्रकरण उजव्या पानावरच सुरू करायचा आग्रह सोडा. तेवढ्याने तीन पानं सहज जिरतात. फक्त आतल्या समासाला हात लावू नका. वाचणाऱ्याला पुस्तक दोन्ही हातांनी फाकवून धरावं लागतं.

पाव फर्मा, म्हणजे चार पानं, हाही प्रकार असतो. प्रेसवाला हो म्हणेल. पण ती चार पानं बाइंडरला त्रासदायक होतात आणि पुस्तकातून आधी तीच निखळतात. जमेल तेवढं टाळा.

स्मरणिकेसारखी पातळ पुस्तिका मधोमध पिना मारून करायची असेल तर चारच्या पटीत पानं पुरतात. पण ४८-५६ च्या वर गेलात की आतली पानं बाहेर सरकतात, आणि कापताना आतल्या पानांचा बाहेरचा समास अरुंद होतो.

५. कागदाचा हिशेब

यासाठी जुन्या लोकांचं सूत्र पाठ करा: हजार प्रती, एक फर्मा, एक रीम डबल डेमी. का, ते बघा. रीममध्ये ५०० कागद. डबल डेमीचा एक कागद मधोमध कापला की १८ × २३ चे दोन होतात, म्हणजे रीममधून हजार कागद. प्रत्येक कागद हा एका प्रतीचा एक फर्मा. तर अकरा फर्म्यांच्या हजार प्रतींना अकरा रीम, पाचशे प्रतींना साडेपाच. यंत्रावर शाई आणि जुळणी बसेपर्यंत थोडे कागद वाया जातात, त्यासाठी प्रेसवाला वर काही मागेल. ते रास्त आहे, फक्त प्रत्येक फर्म्याला किती धरलेत ते आकड्यात विचारा.

कागदाची जाडी जीएसएममध्ये सांगतात, म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. साध्या पुस्तकाला ७० जीएसएम मॅपलिथो (पुस्तकांचा नेहमीचा पांढरा कागद) ठीक. ६० वर मागची अक्षरं पुढे दिसतात. ८० घेतलात तर पुस्तक भरदार दिसतं पण वजन आणि टपालखर्च वाढतो. कागदाचा भाव किलोवर असतो, म्हणून वजन माहीत हवं: डबल डेमी ७० जीएसएमची रीम साधारण १८.७ किलो, ८० ची २१.४ किलो. अकरा रीम ७० जीएसएम म्हणजे सुमारे २०५ किलो. बिलात याहून बराच मोठा आकडा दिसला तर वाया जाणाऱ्या कागदाचा हिशेब उघडायला सांगा.

कागदाला धाग्यांसारखी दिशा असते. ती कण्याला समांतर हवी, नाहीतर पुस्तक उघडलं की पानं ताठ उभी राहतात आणि कण्यापाशी लाटा येतात. ओळखायला कागदाचा तुकडा दोन्ही बाजूंनी फाडून बघा. ज्या बाजूने सरळ फाटतो ती त्याची दिशा. प्रेसवाल्याला "धागा कण्याला समांतर येईल ना?" एवढं विचारलंत तरी तो तुमच्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघेल.

६. दरपत्रक मागताना

ओळखीतल्या एका निवृत्त शिक्षकांना दोन ठिकाणचे दर मिळाले होते. एका प्रेसचा प्रति फर्मा दर दुसऱ्याच्या जवळजवळ दोन तृतीयांश होता, म्हणून काम तिथे दिलं. बिल आलं तेव्हा फर्मे अकराच्या जागी बावीस. त्या प्रेसचं यंत्र लहान, १५ × २० चं. त्यावर डेमीची चारच पानं एका बाजूला बसतात, त्यामुळे त्यांचा फर्मा आठ पानांचा. फसवणूक म्हणावी तर तसं काही नाही. त्यांच्या दृष्टीने फर्मा तोच. शिक्षकांनी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

म्हणून दर लेखी घ्या, आणि त्यात एवढं स्पष्ट असू द्या:

– फर्मा किती पानांचा? यंत्राचं माप काय?
– दरात प्लेटा धरल्या आहेत की वेगळ्या?
– छपाईची किमान आकारणी किती प्रतींची? (बहुतेक ठिकाणी हजाराचा दर असतो आणि पाचशे प्रतींनाही तोच लागतो. तेव्हा पाचशे आणि हजार यांच्यात फरक मुख्यतः कागद आणि बांधणीचा.)
– कागद कोण आणणार, कोणत्या गिरणीचा, किती जीएसएम?
– घडी आणि बांधणी प्रेसमध्येच की बाहेरच्या बाइंडरकडे? कुठली बांधणी?
– मुखपृष्ठाचा कागद, रंग, लॅमिनेशन मॅट की चकचकीत?
– कर, वाहतूक आणि गठ्ठे बांधायचा खर्च आत की बाहेर?

प्रती दोनशे-तीनशेच हव्या असतील तर ऑफसेटच्या, म्हणजे प्लेटांवरून होणाऱ्या या छपाईच्या नादी लागू नका. डिजिटल छपाईत प्लेटा नसतात, त्यामुळे फर्म्याचा दरही नसतो. प्रति पान हिशेब होतो. तिथे १६३ पानं म्हणजे १६४ धरली की झालं.

७. सोबत काय न्यायचं

घडी घातलेला तो कागद. आवडलेलं, हव्या त्या आकाराचं आणि कागदाचं एक छापील पुस्तक; "असं पाहिजे" म्हणून पुढे ठेवलं की अर्धा तास वाचतो. मजकुराची शेवटची, तपासलेली पीडीएफ आणि मूळ फाइल, दोन्ही पेन ड्राइव्हवर. फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये, मूळ आकारात. व्हॉट्सअॅपवरून आलेले फोटो छपाईत फुटतात. आणि फर्मानिहाय एक तक्ता, हाताने लिहिलेला चालेल: फर्मा १, पान १ ते १६, त्यात काय, फर्मा २, पान १७ ते ३२, त्यात काय. रंगीत फोटोंची जागा आणि नकाशाचं पान त्यात दाखवा.

फॉन्टचं एक पाहा. मजकूर युनिकोडमध्ये टाइप केला असेल आणि डीटीपीवाला जुन्या श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये बदलून घेणार असेल, तर बदलताना रफार, ऱ्य आणि काही जोडाक्षरं हमखास बिघडतात. "कऱ्हाड" आणि "साताऱ्यात" हे दोन शब्द शोधून बघा. ते नीट आले तर बाकीचंही बहुधा ठीक असतं.

८. प्रूफ आणि फर्मा पास करणं

शेवटचं प्रूफ सुट्या पानांवर बघू नका. प्रेसला फर्म्याप्रमाणे घडी घातलेलं प्रूफ मागा. त्यात प्रत्येक पान पुढच्या पानाला जुळतं का बघा: तळाची शेवटची ओळ आणि पुढच्या पानाची पहिली ओळ एका वाक्यात जुळतात ना, पृष्ठांक सलग आहेत ना, डावी-उजवी पानं उलटसुलट झाली नाहीत ना. शुद्धलेखन त्याआधीच संपलेलं असावं. घडीच्या प्रूफवर स्वल्पविराम शोधायला लागलात की पानांच्या क्रमाची चूक नजरेतून सुटते.

मग फर्म्यावर सही आणि तारीख घाला. याला फर्मा पास करणं म्हणतात. पास केल्यानंतर एक काना जरी बदलायचा झाला तरी प्लेट नवी करावी लागते, तिचे पैसे तुमचे. पास न करताच छापलं आणि चूक निघाली तर प्रेसचे. म्हणून ती सही दोघांच्याही उपयोगाची आहे.

नवख्यांना आश्चर्य वाटतं ती गोष्ट अशी, की पहिला फर्मा सगळ्यात शेवटी छापावा. त्यात अनुक्रमणिका असते, तिला बाकीच्या पानांचे अंतिम आकडे हवेत. त्यात प्रस्तावना असते, ती उशिरा येणार हे वर आलंच. आणि त्यातच आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय ओळखीचा क्रमांक छापायचा असतो. हा क्रमांक राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन एजन्सीकडून ऑनलाइन अर्ज करून विनामूल्य मिळतो. लेखक स्वतःच प्रकाशक असेल तरी मिळतो, पण हातात पडायला वेळ लागू शकतो. त्यामुळे मजकूर डीटीपीला दिला त्याच आठवड्यात अर्ज टाका. पैसे घेऊन नंबर काढून देतो म्हणणारे भेटतील; ते तुमचं काम करून देण्याचे पैसे घेतात, क्रमांकाचे नाही.

मुखपृष्ठही शेवटी. कण्याची जाडी कागदावर ठरते, अंदाजाने नव्हे. बाइंडरला त्याच कागदाची, तेवढ्याच पानांची कोरी डमी बांधून द्यायला सांगा आणि कणा पट्टीने मोजून चित्रकाराला कळवा. नाहीतर कण्यावरचं नाव पुढच्या बाजूला डोकावतं.

९. बांधणीच्या दिवशी तिथे जा

शक्य असेल तर नक्की जा, हे मी आवर्जून सांगतो. घडी घातलेले फर्मे लांब टेबलावर ओळीने ढिगाने मांडलेले असतात, पहिल्यापासून अकराव्यापर्यंत. बाइंडिंगच्या बायका टेबलाच्या कडेने चालत प्रत्येक ढिगातून एकेक उचलतात, शेवटाला पोचल्या की गठ्ठा कण्याच्या बाजूने टेबलावर दोनदा आपटून सरळ करतात आणि पुन्हा सुरुवातीला येतात. हात इतका चालता असतो की बोलता बोलता काम होतं. पण एखादे वेळी दोन फर्मे चिकटून एकदम उचलले जातात, किंवा एक राहून जातो.

ते ओळखायची सोय फर्म्यावरच असते. घडीच्या बाहेरच्या कडेवर प्रत्येक फर्म्याला एक काळी चौकोनी खूण छापलेली असते, प्रत्येक पुढच्या फर्म्याला थोडी खाली. गठ्ठा नीट लागला असेल तर कण्यावर या खुणांचा तिरपा जिना दिसतो. पायरी गळाली की फर्मा नाही, दोनदा आली की जादा, मागेपुढे झाली की क्रम चुकला. गोंद लागण्याआधी पंचवीस-तीस गठ्ठ्यांचे कणे नजरेखालून घाला. छपाईची फाइल देताना ही खूण टाकायला सांगायला विसरू नका. छोट्या प्रेसमध्ये सांगितल्याशिवाय टाकत नाहीत.

बांधणीचे मुख्य दोन प्रकार. परफेक्ट बाइंडिंगमध्ये फर्म्यांचा कणा कापून, खरवडून त्यावर गरम गोंद लावतात. स्वस्त, झटपट, वाचून फेकायच्या पुस्तकाला ठीक. दुसरी दोऱ्याची शिलाई: प्रत्येक फर्मा पोटातून शिवून मग एकमेकांना जोडतात. वाचनालयात जाणारं, पंचवीस वर्षं हाताळलं जाणारं पुस्तक असेल तर शिलाईच घ्या, पैसे दुसरीकडे वाचवा. आत्मकथनापेक्षा गावाच्या इतिहासाला मी याबाबत जास्त आग्रह धरीन, कारण तो पुन्हा छापला जाण्याची शक्यता कमी.

प्रती हातात आल्या की कुठल्याही गठ्ठ्यातून वीसेक काढा आणि सगळं पुस्तक न चाळता फक्त सांधे बघा: १६-१७, ३२-३३, ४८-४९ असं पुढे. गडबड असेल तर तिथेच सापडते. सदोष प्रती बदलून मागा. त्यासाठी प्रत्येक फर्म्याचे थोडे जादा कागद बाइंडरकडे राहू द्या, असं आधीच ठरवून ठेवा.

१०. छापून झाल्यावर

पुस्तक प्रसिद्ध झाल्यापासून तीस दिवसांत प्रकाशकाने स्वखर्चाने कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचं कोनेमारा, मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालय आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी यांना एकेक प्रत पाठवायची असते. १९५४ चा कायदा आहे. स्वतः प्रकाशक असाल तर ही जबाबदारी तुमचीच. स्पीड पोस्टाने पाठवून पावत्या जपा.

हजार प्रती छापल्या म्हणून हजार बांधायलाच हव्यात असं नाही. पाचशे बांधा, उरलेले फर्मे घडी घालून, क्रमाने गठ्ठे बांधून बाइंडरकडे किंवा घरी ठेवा. प्रकाशक हे पूर्वीपासून करत आले आहेत. बांधणीचे निम्मे पैसे अडकत नाहीत, आणि पहिल्या पाचशेंत एखादी गंभीर चूक सापडली तर तेवढाच फर्मा नव्याने छापून बदलता येतो.

फक्त ते ठेवणार कुठे, हे आधी बघा. सांगलीत, विशेषतः कृष्णेकाठच्या भागात, तळमजल्याला नाही म्हणजे नाहीच. २००५, २०१९ आणि २०२१ ला पाणी कुठपर्यंत आलं होतं ते गल्लीतला कोणीही सांगेल. वाई-महाबळेश्वरकडे पावसाळ्यात उघडा कागद दमट हवा पितो आणि घड्यांना लाटा येतात. गठ्ठे प्लास्टिकमध्ये गुंडाळून, भिंतीपासून वीतभर दूर, फळकुटांवर ठेवा. प्रत्येक गठ्ठ्यावर बाहेरून मार्करने फर्म्याचा क्रमांक आणि प्रतींची संख्या लिहा. प्रेसकडून अंतिम पीडीएफ, मुखपृष्ठाची मूळ फाइल आणि कागदाचं नाव व जीएसएम लिहिलेलं बिल त्याच दिवशी मागून घ्या. सहा महिन्यांनी मागायला गेलात तर तो संगणक फॉरमॅट झालेला असतो.